एका घोटाची परीक्षा

दिवाळी अंकाच्या पानांतून चिवड्याचा आणि चकलीचा खमंग वास यावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. तिथे एका शाळामास्तराने व्हिस्कीवर लिहावे, हे पाहून काही भुवया वर जातील. म्हणून आधीच सांगून टाकतो, की मला लिहायचे आहे ते परीक्षेविषयी; आणि परीक्षा हा तर माझा पोटापाण्याचा धंदा! पेपर तपासता तपासता माझे केस पिकू लागले आहेत. जगात आणखी कोण कोण कशाकशाला गुण देतो, याचे मला म्हणूनच फार कुतूहल.

व्हिस्कीचे परीक्षक असतात, आणि गंमत अशी की ते आपल्या कामात फारसे पीत नाहीत. त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे नाक. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा पेला घ्यायचा, त्यात थोडी व्हिस्की ओतायची आणि सावकाश हुंगायची. मग पाणी घालायचे. मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आले, की नाकाला झोंबणारा तिखटपणा जातो आणि आतले वास मोकळे होतात. रंगावर गुण देण्यात अर्थ नसतो, कारण रंगापुरती जळक्या साखरेची भर घालायला तिथला कायदाच परवानगी देतो. शेवटी एक घोट जिभेवर घोळवायचा आणि गिळल्यावर चव किती वेळ मागे रेंगाळते ते पाहायचे. चोख परीक्षा घ्यायची तर बाटलीवरचे नावही झाकून ठेवतात. आपल्या बोर्डाच्या पेपरावर नाव नसते, आसनक्रमांक असतो, तसेच हे.

माझा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर नोकरी करतो. गेल्या वर्षी तो भेटायला आला तेव्हा माझ्यासाठी एक बाटली घेऊन आला. "सर, ही पिण्यासाठी नाही, अभ्यासासाठी," असे म्हणून हसला. आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजूनही पुस्तकात आहे आणि पिणाराने परवाना काढावा असे तो सांगतो. तेव्हा मीही रीतसर परवाना काढला आणि अभ्यासाला बसलो.

बाटलीवर नाव होते 'क्लाइनलीश', चौदा वर्षे मुरलेली, मद्यार्क ४६ टक्के. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या डोंगराळ मुलखाला हायलंड म्हणतात. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, सदरलंड परगण्यात, ब्रोरा नावाच्या गावी ही तयार होते. सिंगल मॉल्ट म्हणजे काय, तर फक्त मोड आणलेल्या जवापासून, एकाच ठिकाणच्या तांब्याच्या भट्ट्यांत काढलेली व्हिस्की. ती ओकच्या पिपात निदान तीन वर्षे मुरली पाहिजे, असा नियम आहे. त्या काळात दरवर्षी शेकडा दोनच्या आसपास माल हवेत उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्याकडे नैवेद्य म्हणाले असते!

परीक्षेआधी मी तिकडच्या जाणकारांनी लिहिलेली वर्णने वाचून काढली. कोणी लिहितो हेदरच्या फुलांचा मध, कोणी लिहितो शेकोटीचा धूर. आता हेदर मी जन्मात पाहिलेले नाही. दुसऱ्याच्या अंगणातल्या फुलांवरून मी गुण कसे देणार? मी पेला हातात घेऊन विचारात पडलो होतो, तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या या वस्तूला शिवत नाहीत. पण कढवलेले तूप नुसत्या वासावर पारखणारे नाक त्यांच्यापाशी आहे. मी पेला पुढे केला.

"अहो, नुसता वास घेऊन सांगा ना!"

त्यांनी पदर नाकाशी नेला, पण मग कुतूहलाने वाकून हुंगले. "लाइट आल्यावर मेणबत्ती विझवतो ना आपण, तसा वास येतोय," असे म्हणून त्या चकल्यांच्या घाण्याकडे परत गेल्या.

मी थक्क झालो. मोठमोठे जाणकार या व्हिस्कीची हीच खूण सांगतात: मेण! आणि त्या मेणाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. अर्क उतरताना धारेचा पहिला आणि शेवटचा भाग वेगळा काढून एका टाकीत साठवतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा भट्टीत घालतात. त्या टाकीच्या तळाशी एक मेणचट साका बसतो. इतर ठिकाणी तो खरवडून काढतात, इथे राहू देतात. एकदा टाकी घासूनपुसून लख्ख केली, तर व्हिस्कीतले मेण नाहीसे झाले, असे सांगतात.

मग मी घोट घेतला. आधी मध, मग नारिंगाची साल नखाने सोलावी तसा कडसर सुगंध, मागून किंचित खारटपणा. चमचाभर पाणी घातल्यावर मेण अधिक उघडे झाले. चव जिभेवर बराच वेळ राहिली. मी वहीत दहापैकी आठ गुण मांडले.

परंतु मास्तराला गुण दिल्यावर आसनक्रमांकामागचे नाव पाहण्याची खोड असते. मी या भट्टीचा इतिहास काढला. पहिली भट्टी १८१९ साली उभी राहिली. बांधणारा होता मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड, पुढे सदरलंडचा ड्यूक झालेला जमीनदार. त्याच १८१९ साली त्याच्या जमीनदारीतल्या किल्डोनन आणि स्ट्राथनेव्हर या खोऱ्यांतून शेकडो कुटुंबे उठवली गेली. त्या कुरणांवर मेंढ्या पाळायच्या होत्या. लोकरीत पैसा होता. माणसे परत येऊन बसू नयेत म्हणून घरांच्या छपरांची लाकडे जाळली. १८१४ सालच्या अशाच एका मोहिमेबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हरनेसला खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला! उठवलेल्यांना किनाऱ्यावर तुटपुंजे तुकडे मिळाले. तिथे पिकणाऱ्या जवाला गिऱ्हाईक मिळावे आणि चोरट्या भट्ट्यांना आळा बसावा, म्हणून ही भट्टी. त्या जमीनदाराचा उंच पुतळा गोल्स्पी गावावरच्या टेकडीवर आजही उभा आहे. ज्याचे गाव धरणाखाली गेले आहे, त्याला यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

आता माझ्या बाटलीतला माल त्या जुन्या भट्टीतला नव्हे. १९६०च्या दशकात शेजारीच नवी भट्टी बांधली आणि क्लाइनलीश हे नाव तिच्याकडे गेले. जुनीला ब्रोरा म्हणू लागले; ती १९८३ साली थंडावली आणि २०२१ साली पुन्हा पेटली. तरी प्रश्न उरतोच. गुण कमी करावेत काय?

मी पुष्कळ विचार केला. बाप कर्जबुडवा आहे म्हणून पोराच्या गणिताचे गुण कापणारा मास्तर मला कधीच आवडला नाही. चव चांगली होती. आठ गुण तिचे होते. पण नाव झाकून गुण द्यावेत ते न्यायासाठी. नंतरही ते झाकूनच ठेवले, तर त्या पोराची ओळख कधी व्हायचीच नाही. त्या भट्टीवाल्यांनी तळचा साका खरवडून टाकला नाही, म्हणून चव राहिली. तळाशी बसलेली ही आठवणही कोणी घासून काढू नये, एवढेच मला वाटते.

आठाचा आकडा मी तसाच ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'किल्डोनन, १८१९.' तो विद्यार्थी पुन्हा आला, की त्याला ही वही दाखवायची आहे. अभ्यासाला म्हणूनच तर त्याने बाटली दिली होती!