फडक्याखालची कच

काळ्या गाडीवर किती रेघा आहेत ते ढगाळ दिवशी कळत नाही. सकाळचं तिरपं ऊन बॉनेटवर आलं, किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी राहिली, की प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं दिसायला लागतं. रेघा खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. प्रतिबिंबाला ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. माझ्या गाडीवरचं हे जाळं माझ्याच हातचं आहे. गाडी रोज पुसलीच पाहिजे, या समजुतीतून ते झालं.

ही समजूत घरातून आली. बाबांची चेतक रोज सकाळी जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसली जायची आणि दिवाळीच्या आधी तिला पॉलिश व्हायचं. त्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा; पॉलिश करताना फडक्याला रंग लागायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. आजच्या गाडीवर रंगाच्या वर क्लिअर कोट असतो आणि चकाकी त्याचीच असते. रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५० येतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाहून पातळ अशा त्या थरावर मी रोज कोरडं फडकं ओढत होतो.

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला, चहूबाजूंना बांधकामं. रात्रीतून गाडीवर बसते ती नुसती माती नसते. हल्ली बांधकामाला नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड येते, म्हणजे काळा पाषाण फोडून केलेली कच. ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. फडकं तिला उचलून घेत नाही. ती फडक्याखाली सापडते आणि बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत जाते. फडकं मऊ की खरखरीत, हा प्रश्न तिथे उरतच नाही. माझं फडकं चांगलं मऊ होतं.

रेघा लक्षात आल्यावर मी कोरडं पुसणं सोडून गाडी धुवायला लागलो. एक बादली, एक स्पंज आणि भांडी घासायच्या लिक्विडचा फेस. ते लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच केलेलं असतं, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही त्याने गेलं. पण जास्त नुकसान बादलीने केलं. एकदा शेवटचं पाणी ओतून दिल्यावर तळाशी बोटं फिरवली. करड्या गाळात साखरेच्या दाण्यांसारखे कण हाताला लागले, दोन बोटांत चुरडले तर करकरले. चाकं धुतलेला स्पंज मी त्याच बादलीत बुडवत होतो, आणि चाकांवरच्या काळ्या भुकटीत ब्रेकमधून झिजून आलेले लोखंडाचे कण असतात. ते सगळं दर बुडीला स्पंजाच्या भोकांत शिरत होतं आणि पुढच्या दारावर उतरत होतं.

वाळवण्यात तर मी सगळ्यात जास्त चुकलो, कारण वाळवणं हे वेगळं काम आहे असं कधी वाटलंच नाही. रविवारी उशिरा उठायचं, अकराच्या उन्हात गाडी धुवायची आणि वाळायला तशीच सोडून द्यायची. पाणी बोअरचं. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. बाथरूमच्या नळांवर पांढरा थर चढतो तो त्यांचाच. तापलेल्या बॉनेटवरून पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरी कडी उरते. त्या कड्या मी फडक्याने घासून काढायचो, म्हणजे डागांवर पुन्हा रेघा. ताजे डाग पुढे पांढरं व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून, ओल्या फडक्याने टिपून आणि लगेच धुऊन गेले. जुने थरात उतरले होते. त्यांच्यावरून नख फिरवलं तरी काही लागत नाही, पण उजेडात दिसतात.

मग एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतलं. गाडी नवी दिसायला लागली, मी खूश झालो. दोन-चार धुण्यांत रेघा परत वर आल्या; पॉलिशमधल्या तेलाने त्या नुसत्या बुजवल्या होत्या. मशीनच्या पॅडची धुरकट वळणं नव्याने आली ती वेगळीच. पुढे जाडी मोजायचं यंत्र लावलं तेव्हा बॉनेटवरचा आकडा दारांपेक्षा कमी आला. घासून गेलेला थर परत येत नाही, हे मला पॉलिशच्या आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, ठाऊक नाही.

आता पद्धत बदलली आहे. उन्हं उतरल्यावर, बॉनेट हाताला गार लागलं की सुरुवात. आधी हात न लावता पाइपने भरपूर पाणी, टपापासून खाली, म्हणजे सुटी कच आपोआप निघून जाते. दोन बादल्या: एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत. हात गोल न फिरवता सरळ, दाब न देता. दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांचं फडकं आणि बादली वेगळी.

शेवटी पाइपचं तोंड काढून टाकतो आणि पाणी टपावरून संथ सोडतो. जोरात मारलं की थेंब मागे राहतात; संथ सोडलं की पाणी एकसंध पडद्यासारखं खाली उतरतं आणि पुसायला फारच थोडं उरतं. उरलेलं मोठ्या जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्यायचं. टॉवेल पसरायचा, वरून तळहाताने हलकं दाबायचं, उचलायचा. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो परत गाडीला लावत नाही. तो धुताना फॅब्रिक कंडिशनरही घालत नाही. त्याने तंतूंवर थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा आहेत. एका बादलीत त्यांना ओळीने सगळ्या गाड्या उरकाव्या लागतात, पाणीच तेवढं मिळतं. पैसे तेच ठेवून मी त्यांना माझ्या गाडीच्या फक्त काचा पुसायला सांगितलं. "साहेब, गाडी घाण दिसंल. लोक मलाच बोलतील," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. शेजाऱ्यांना मी स्वतः सांगितलं, की गाडी माझ्या सांगण्यावरून पुसली जात नाही.

बॉनेटवर कबुतराच्या विष्ठेचा एक ठसा आहे. गावी गेलो होतो, गाडी उन्हात होती. विष्ठेतल्या आम्लाने तेवढ्या दिवसांत काम केलं. भिजवलेला कागदी रुमाल ठेवून ती मऊ करून उचलायची असते, हे माहीत होतं, पण मी तिथे नव्हतो. पॉलिशने ठसा पुसट होईल असं डिटेलिंगवाला म्हणतो. बॉनेटवर थर आधीच कमी उरलाय, म्हणून मी नको म्हटलं.