ठिपका कुठे ठेवायचा

रोगाचा नकाशा काढायचा म्हणजे रुग्णागणिक एक ठिपका ठेवायचा. हे काम संगणक क्षणात करतो. पण ठिपका नेमका कुठे ठेवायचा हे त्याला सांगावं लागतं, आणि भूगोलाच्या ज्या पुस्तकांवर माझं शिक्षण झालं ती या प्रश्नापाशी फारशी थांबत नाहीत. रुग्णाचा पत्ता घ्या, अक्षांश-रेखांश नोंदवा, पुढे चला. माझ्या पीएच.डी.चा विषय आहे रायपूरच्या जुन्या वस्तीतलं पिण्याचं पाणी आणि कावीळ. ठिपक्याची जागा हाच माझ्या प्रबंधाचा गाभा ठरला, आणि तो तसा ठरला सार्वजनिक आरोग्यावरच्या एका कार्यशाळेमुळे. तिथे डॉक्टर होते, पाणीपुरवठ्याचे अभियंते होते, मानववंशशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे संशोधक होते, आणि त्याच जुन्या वस्तीत, पुरानी बस्तीत, आरोग्याचं काम करणाऱ्या मितानिन होत्या.

पुरानी बस्ती मला परकी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी घरं आहेत. आमचं घर तात्यापाऱ्यात. आजीबरोबर महामायेच्या देवळात जायचं तर याच गल्ल्यांतून. इथे जैतूसाव मठ आहे, थोडं पुढे दूधाधारी मठ. घरं एकमेकांना खेटून, दारासमोरून नाली वाहते आणि नळाची जोडणी ती नाली ओलांडून घरात येते. लहानपणी त्या पाइपवरून उड्या मारल्या आहेत. त्याच पाइपकडे अभियंत्याबरोबर उभं राहून बघताना मात्र तो पहिल्यांदाच दिसल्यासारखा वाटला.

काविळीचं नाव काढलं की रायपूरकराला लगेच आठवणी येतात. २०१८ मध्ये नहरपारा भागात साथ आली. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीतच, शहराच्या अनेक भागांत पुन्हा आली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अशा साथींमागे आपल्याकडे बहुतेक वेळा हिपॅटायटिस ईचा विषाणू असतो. धडधाकट माणूस त्यातून आपोआप बरा होतो. गरोदर बाईची गोष्ट वेगळी. शेवटच्या तिमाहीत तिला ही कावीळ झाली, तर मृत्यूचं प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जातं. हा आकडा माझ्या टिपणवहीत पहिल्या पानावर आहे, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते तोच सांगतो.

कार्यशाळेत आमच्या गटापुढे एक मोठा कागद पसरला होता: पुरानी बस्तीच्या गल्ल्यांचा, हाताने काढलेला. नियम एकच, प्रत्येकाने त्याच कागदावर काम करायचं. मला वाटतं सगळी किमया या नियमात होती. एकामागून एक पाच विषयांची पाच भाषणं ऐकली तर प्रत्येक जण आपापलं खरं मानून घरी जातो. एकाच कागदावर पाच जणांचे हात आले की कुणाचा तरी हात मधे येतोच.

पहिला हात डॉक्टरांचा. हिपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा. म्हणजे आज जो ठिपका मी ठेवते तो महिना-सव्वा महिन्यापूर्वीच्या पाण्याचा असतो. डॉक्टरांनी १९५५ ची दिल्ली सांगितली. पावसाळ्यानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वझिराबादला, जिथून शहराचं पाणी उचलत तिथे, येऊन मिसळलं. जलकेंद्रात क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइड आणि हगवण रोखली गेली. मग सहा-एक आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी नळाचं पाणी तपासून काय हाती लागणार होतं? घाण कधीच वाहून गेली होती. पुढे १९८० च्या सुमारास त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ती हिपॅटायटिस ए नव्हती हे नक्की झालं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विद्या अरणकल्ले यांनी हिपॅटायटिस ईवर पुढे कित्येक वर्षं काम केलं. हे ऐकल्यावर माझ्या तक्त्यात तारखेचा एक रकाना होता तिथे तीन झाले: लक्षणं दिसली ती तारीख, दवाखान्यात गेले ती तारीख, आणि मागे मोजत गेलं तर पाणी प्यायल्याचा संभाव्य काळ.

दुसरा हात अभियंत्याचा. नळ चोवीस तास चालत नाही. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि रिकाम्या पाइपला चीर असेल तर बाहेरची ओल आत येते. त्यात कुणी टुल्लू पंप थेट लाइनला जोडला की पाणी ओढलं जातं आणि चिरेतून नालीचं पाणीही. गंमत अशी, की ज्याच्या घरी पंप आहे तोच आजारी पडेल असं नाही. त्याच लाइनवर पुढे असलेल्या घराचंही पाणी बिघडतं. मग ठिपका कुठे? घरावर, पंपावर, की चिरेवर? आमच्या सर्वेक्षणात ‘पिण्याचं पाणी कुठून येतं?’ हा प्रश्न होता आणि उत्तराला चार चौकटी. आता त्या जागी वेगळे प्रश्न आले. नळ किती वाजता येतो. पहिली बादली पितात की भांड्याला वापरतात. पंप कुठे जोडलाय. जोडणी नालीतून जाते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विचारून मिळत नाही, वाकून बघावं लागतं. आणि जमिनीखालच्या जुन्या पाइपांचा पत्ता हवा असेल तर कागदांपेक्षा जास्त ठाऊक असतं ते रोज पहाटे चाव्या फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला.

पण माझ्या कामाचं रूपच बदललं ते एका मितानिन दीदीच्या एका वाक्याने.

छत्तीसगडमध्ये मितानिन कार्यक्रम २००२ साली सुरू झाला. वस्तीतल्याच बाईने वस्तीचं आरोग्य बघायचं ही त्यातली कल्पना, आणि २००५ नंतर देशभर आलेल्या आशा योजनेने त्यातून बरंच घेतलं. आज राज्यात साठ हजारांहून जास्त मितानिन आहेत. आमच्या गटातल्या दीदी पन्नाशीच्या पुढच्या होत्या. भाद्रपद-आश्विनातले ठिपके मी मांडत होते. एका गल्लीत त्या काळात बायका आजारी पडल्याच नव्हत्या, फक्त पुरुष आणि मुलं. पाण्याचा रोग असा निवडून धरत नाही. मी तशीच बघत राहिले होते. दीदी कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, “नोनी, बहू मन तीजा बर मइके गे रहिन.” सुना तीजेसाठी माहेरी गेल्या होत्या.

छत्तीसगडची तीजा म्हणजे आपली हरतालिका, पण तिचा थाट निराळा. पोळा झाला की भाऊ किंवा बाप लेकीला न्यायला येतो. बस आणि रेल्वे बायकांनी भरून जातात. माहेरचं लुगडं, माहेरचा उपास. तीजेला लेकीचं माहेर चुकत नाही. मग ती गरोदर असो, तान्हं कडेवर असो. आणि ही सगळी ये-जा ऐन पावसाळ्याच्या शेवटी, नळाच्या पाण्याचा भरवसा सगळ्यात कमी असतो तेव्हा. श्रावणात इथलं पाणी प्यायलेली सून भाद्रपदात धमतरीकडे किंवा बेमेतऱ्याकडे आजारी पडते. तिची नोंद तिथल्या रजिस्टरात होते. माझ्या नकाशावर पुरानी बस्तीची ती गल्ली स्वच्छ दिसते. आणि उलटही. आश्विनात इथे पिवळी झालेली बाई पाणी कुठलं प्यायली होती, हे तिचा इथला पत्ता सांगत नाही. जिच्या जिवाला या रोगाचा सगळ्यात मोठा धोका, तीच बाई नकाशावरून गळते. त्यानंतर प्रत्येक बाईमागे मी दोन पत्ते लिहू लागले.

आणखीही रुग्ण गळतात. कावीळ म्हटलं की पुष्कळ लोक आधी झाडणाऱ्याकडे जातात, गळ्यात माळ घालून येतात. महाराष्ट्रातही हे चालतं. मानववंशशास्त्राच्या सहकाऱ्याने यामागचं कारण नीट मांडलं: ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून माळेवरचा विश्वास दर वेळी पक्का होतो. या लोकांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावर ते विश्वास ठेवतात. पण दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांचा ठिपका नसतो. तो हवा असेल तर झाडणाऱ्याशी बोलायला हवं, आणि तिथे माझ्यापेक्षा दीदींना दार आधी उघडतं.

आमच्या विषयाची प्रत्येक ओळख जॉन स्नोपासून सुरू होते. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, पटकीच्या मृत्यूंचा नकाशा. त्यातली एक हकिगत मला आता जास्त जवळची वाटते. हॅम्पस्टेडला, साथीपासून दूर, एक विधवा पटकीने गेली. नकाशावर बघितलं तर तिचा ब्रॉड स्ट्रीटशी संबंध नाही. स्नोने तिच्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं, की तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि रोज गाडीतून एक बाटली तिच्यासाठी जायची. शिवाय साथीचा उगम स्नोला एकट्याला सापडला नाही. हेन्री व्हाइटहेड नावाचा तिथल्या चर्चचा तरुण धर्मोपदेशक स्नोचं म्हणणं खोडून काढायला घरोघर हिंडला, आणि हिंडता हिंडता ४० नंबरच्या घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोचला. त्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी पंपाशेजारच्या खड्ड्यात जात होतं. खणून बघितलं तर खड्डा विहिरीत पाझरत होता. डॉक्टर, पाद्री आणि खणणारा, तिघेही लागले.

‘यात भूगोल किती?’ असं मला पीएच.डी.च्या बैठकीत विचारलं जाईल हे मी धरून चालले आहे. माझं उत्तर तयार आहे. रोगाची जागा शोधणं हाच भूगोल, आणि ती जागा जर सासर-माहेराच्या मधे कुठे असेल तर भूगोलाने तिथवर जायला हवं. मला विषाणूशास्त्र येत नाही, पाइपातला दाबही मोजता येत नाही, आणि येणारही नाही. पण माझा प्रश्न कुठपर्यंत माझा आहे आणि कुठून पुढे तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे कळू लागलं आहे. संशोधन करणाऱ्याला इतकं कळलं तरी त्याचे कितीतरी महिने वाचतात.

सध्या मी दोन नकाशे करते आहे. एक प्रबंधासाठी: तीन तारखा, दोन पत्ते, जोडणी, पंप. तो कुलूपबंद राहील, कारण कुठल्या घरात कोण आजारी हे चव्हाट्यावर मांडायचा मला हक्क नाही. दुसरा दीदींनी मागितलाय, महिला आरोग्य समितीच्या बैठकीत लावायला. त्यात ठिपके नकोत असं त्यांनी निक्षून सांगितलं. कुठल्या गल्लीत पाणी उकळून प्यायला सांगायचं तेवढं दिसू दे, आणि पोळ्याच्या आत दे, म्हणाल्या; सुना माहेरी निघायच्या आधी त्यांना गाठायचं आहे.