परत

टपालवाले भाऊ दारात आले की मी आधी त्यांच्या हाताकडं बघतो. लिफाफा पातळ असेल तर छातीत धडधडतं. जाड असेल तर ओळखायचं, आपलंच लेकरू माघारी आलंय. कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडायचा, ही मासिकांची जुनी रीत. त्यामुळं नकार येतो तोसुद्धा आपल्याच अक्षरात. घोडेगावच्या माझ्या घरात असे अकरा लिफाफे पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. प्रत्येकात बोटभर रुंदीची एकच चिठ्ठी आहे: साभार परत.

या अकरा लिफाफ्यांचं दुःख मी एकट्यानं केलेलं नाही. आम्ही पाच जण आहोत. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंचरच्या एसटी स्टँडवर जमायचं, चहा घ्यायचा आणि जी गाडी आधी लागेल तिच्यात बसून कुठंतरी जायचं. जाता-येता एकमेकांना लिहिलेलं वाचून दाखवायचं, एवढाच आमचा नियम.

आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. पण आंबेगाव नावाचं मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्या जलाशयाला महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं ज्यांनी जीव दिला, ते बाबू गेनू. आता कचेऱ्या घोडेगावला आणि बाजार मंचरला. गाव बुडालं, तरी त्याचं नाव प्रत्येक सात-बाऱ्यावर, प्रत्येक दाखल्यावर अजून छापून येतं. शब्द मातीपेक्षा जास्त टिकतो, हे आमच्याकडं शाळेत शिकवावं लागत नाही. इथल्या माणसाला लिहावंसं वाटलं तर त्यात नवल काय?

आमच्यातला एक जण दूध संकलन केंद्रावर असतो. सकाळ-संध्याकाळ फॅट लावायची, पावत्या फाडायच्या आणि मधल्या वेळात त्याच पावत्यांच्या पाठीवर कविता लिहायच्या. एकदा घाईत चार ओळी लिहिलेली पावती एका शेतकऱ्याच्या हातात गेली. दुसऱ्या दिवशी कॅन ठेवता ठेवता त्या बाबांनी ती खिशातून काढली.

“हे तुझं राहिलं हुतं बग माझ्याकडं. पन पाचवी वळ कुठाय?”

पाचवी ओळ नव्हतीच. मित्रानं ती त्या रात्री लिहिली. चौथ्या ओळीशी आपण थांबलो होतो, हे त्याला एका शेतकऱ्यानं सांगितलं, याचंच त्याला जास्त अप्रूप वाटलं.

दुसरे गुरुजी. पश्चिमेकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात आणि जाता-येता एसटीत लिहितात. त्यांची वही बघितली की रस्ता कळतो. अक्षर नागमोडी झालं की तिथं वळणं, अक्षर उडालं की तिथं खड्डे, आणि चार ओळी सुबक आल्या की तिथं गाडी पंक्चर झाली होती असं समजायचं. गुरुजी त्या वहीची नक्कल काढत नाहीत. रस्ताही त्यात राहू दे, म्हणतात.

तिसऱ्या अंगणवाडीताई. डिंभ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे, महादेव कोळ्यांच्या वस्तीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा गोळा करायचा, राब भाजायचा, पाऊस लागला की इरलं घेऊन खाचरात उतरायचं, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. लिहितात तेही त्याच बोलीत. पण आमच्यात बसून त्या स्वतः कधी वाचत नसत. कागद माझ्या हाती द्यायच्या आणि खिडकीतून बाहेर बघत राहायच्या. भातलागणीवरची त्यांची एक कविता एका मासिकाकडून आली, तेव्हा सोबत दोन ओळींचा सल्ला होता: ‘आवणी’ हा शब्द वाचकांना कळणार नाही, त्या जागी ‘लावणी’ करावं. ताईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “लावणी नारायणगावच्या राहुट्यांत, दादा. आमच्या खाचरात आवणीच.”

राहुट्यांची गोष्ट निघाली की नाना जागे होतात. आमच्यातले ते सर्वांत वडील. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक तिथं राहुट्या टाकतात, दारावर फलक लावतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथलाच. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेलेली विठाबाईही इथलीच. नानांनी तरुणपणी एका फडासाठी दोन वग रचले. फलकावर त्यांचं नाव कधी आलं नाही. त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. गण, गवळण, बतावणी, लावणी हे सारं होऊन वग उभा राहीपर्यंत रात्र उतरणीला लागलेली असते आणि दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला जागं ठेवायचं असतं. ती नानांची शाळा.

“माणूस पांघरून झटकाय लागला की समजायचं, आपला प्रवेश मेला,” नाना सांगतात. “घरी यायचं, मोठ्यांदा म्हणायचं. जिथं आपलीच जीभ अडखळली, तिथं कात्री.”

एका शनिवारी जुन्नरची गाडी आधी लागली. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आम्ही वरच्या ओवरीत बसलो. समोर शिवनेरी, खाली कुकडीच्या खोऱ्यातली हिरवी-पिवळी शेतं. कोकणातला माल नाणेघाट चढून जुन्नरात उतरायचा, त्या काळापासूनची ही बाजारपेठ. घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. ब्राह्मी अक्षरांत यज्ञांची आणि दानांची भली मोठी यादी. वाऱ्यापावसानं त्यातली कितीतरी अक्षरं खाल्ली, तरी तिथले आकडे देशातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत गणले जातात. राणीचा लेख तो. पण गुरुजींचा जीव अडकलाय दुसऱ्याच एका ओळीत. जुन्नरच्या डोंगरांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा एक लेख आहे. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं, एवढंच त्यात म्हटलंय. बांबूकाम करणाऱ्यांचा आणि कासारांचाही उल्लेख इथल्या दगडांत सापडतो.

“कुणी दिलं आणि काय दिलं,” गुरुजी म्हणाले. “विशेषण एक तरी आहे का? गार पाण्याचं टाकं म्हणाले नाहीत. ते पिणाऱ्याला कळेल म्हणून सोडून दिलं.”

त्या दिवशी खाली उतरताना कुणी फारसं बोललं नाही. जुन्नरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत प्रत्येकानं आपापली वही काढली. दूधवाल्या मित्रानं पाच ओळींतून तीन शब्द खोडले. मी एका कथेचं पहिलं पान पूर्ण काढून टाकलं आणि मनातून हलका झालो. आपल्या बाजारपेठेतल्या दाणेवाल्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी घालून दिलेला हा धडा आहे. मोंढ्यात पोती उचलणाऱ्याच्या, भाजी निवडणाऱ्याच्या नात्यातलाच तो हात. त्यानं दगडावर नाव कोरून ठेवलं, तर आपण वहीत लिहायला का बिचकावं?

ओतूरला आम्ही गुरुजींच्या हट्टानं जातो. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वर आहे, तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. पण गुरुजी ओतूरच्या गल्ल्यांतून चालतात ते अनिल अवचटांसाठी. 1944 साली याच गावात त्यांचा जन्म झाला. शिकून डॉक्टर झाले आणि आयुष्यभर हमालांच्या, विडी कामगारांच्या, निपाणीच्या तंबाखूत राबणाऱ्या बायांच्या शेजारी बसून त्यांचं ऐकत राहिले. ते ऐकलेलंच त्यांनी साध्या बोलत्या मराठीत लिहिलं. जानेवारी 2022 मध्ये ते गेले, त्यानंतर एक दिवस गुरुजींनी शाळेत मुलांना दुसरं काही शिकवलं नाही. प्रत्येकाला घरी जाऊन आजीला एक प्रश्न विचारायला सांगितला आणि उत्तर लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकवीस आज्या वर्गात हजर झाल्या. त्या कागदांचा गठ्ठा गुरुजींनी अजून जपलाय.

मागच्या कार्तिकात ओतूरहून परतताना आम्ही आळ्याला उतरलो. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी इथं आहे. आळंदीच्या वाटेवर या गावी त्यानं देह ठेवला, अशी श्रद्धा. ताई समाधीपुढं बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाल्या, “ज्याला बोलताच येणार नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं, त्याच्या तोंडून वेद आले.” पुढं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या दिवशी गाडी चुकली. पुढची मिळेपर्यंत अंधार पडला. नाना नारायणगावला लेकीकडं राहिले आणि आम्ही चौघं दूधवाल्या मित्राच्या गावच्या फाट्यावर उतरलो, तेव्हा दहा वाजून गेले होते. वस्ती दोन किलोमीटर आत. दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीचा ऊस. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला ऊस आणि रात्र एकत्र आले की तिसरं काय ते सांगावं लागत नाही. इथले बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. जखमी झालेले, विहिरीत पडून काढलेले माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेतात. बाकीचे आमच्याच शिवारात आमच्यासारखेच रात्रीचे हिंडतात. एकटं जायचं नाही, बॅटरी मारत चालायचं, मोबाइलवर मोठ्यांदा गाणं लावायचं, हे लहान पोरालाही ठाऊक. बॅटरी होती. पण चौघांतल्या एकाच्याही मोबाइलमध्ये चार्जिंग उरलं नव्हतं.

“बोलत राहा,” मित्र म्हणाला. “आवाज थांबता कामा नये.”

पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या पाच ओळी म्हटल्या. मग गुरुजींनी पाढे म्हटले, मी शाळेतली प्रतिज्ञा म्हटली. मग क्षणभर कुणाला काही सुचेना. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. त्या शांततेत ताईंचा आवाज आला. आधी बारीक, मग मोकळा. आवणीची ती कविता. आई वाकलेली, पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मुठीतलं रोप चिखलात जाताना होणारा तो बारीकसा आवाज. माझ्या तोंडून ही कविता आम्ही कितीदा ऐकली होती. पण ती अशी आहे हे मला त्या रात्री कळलं. माझी जीभ जिथं दरवेळी अडखळायची, तिथं ताई एक श्वास घेत होत्या. मी ती जागा चूक समजत आलो होतो.

कविता संपायच्या आत उसातून उजेड आला. आम्ही जागीच थांबलो.

“कोण हाय त्ये?”

माणसाचा आवाज होता. रात्रीची लाईट म्हणून दारं धरायला आलेला, डोक्याला मफलर गुंडाळलेला, हातात फावडं. मित्रानं ओळख दिली, फाट्यावरून वस्तीवर चाललोय म्हणून सांगितलं.

“आन् म्हणत काय हुता?”

“कविता,” गुरुजी म्हणाले. “या ताईंची.”

तो माणूस सरीच्या कडेनं बांधावर आला. पाणी खळखळत होतं. फावड्यावर दोन्ही हात ठेवून तो ताईंना म्हणाला, “आवणी म्हणलात का ताई? लई दिसांनी ऐकला शबूद. माझी आई जायची आवणीला. डिंभ्याच्या वर खाचर हुतं आमचं. धरणात गेलं.” थोडा थांबला. “पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू न्हाई आलं. परत म्हणा की.”

ताईंनी परत म्हटली. सबंध. रात्रीच्या साडेदहाला, थंडीत, उसाच्या बांधावर. आम्ही तिघं आणि तो एक. सरी भरली, पाणी फुटून बांधावर आलं, आमच्या चपला भिजल्या, तरी त्यानं फावडं हलवलं नाही. कविता संपली तेव्हा तो खाली वाकला, दोन फावडी माती ओढून दारं मोडलं आणि पाणी दुसऱ्या सरीत लावलं. मग बॅटरी घेऊन वस्तीच्या दिव्यापर्यंत आमच्या सोबत आला.

सकाळी मित्राच्या आईनं बाजरीची भाकरी आणि दूध पुढं ठेवलं. ताईंनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि ती कविता पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवली. एकही शब्द न बदलता. त्याच मासिकाचा पत्ता घातला, स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा तिकीट लावून आत ठेवला आणि नारायणगावच्या टपालपेटीत स्वतःच्या हातानं टाकला. पेटीत कागद पडल्याचा बारीकसा आवाज आला. चिखलात रोप जातं तसाच.

घरी येऊन मी पत्र्याची पेटी उघडली. अकरा लिफाफे, अकरा चिठ्ठ्या. इतकी वर्षं त्यांवरचा दुसरा शब्द मी एकाच अर्थानं वाचत आलो होतो. आता तो वाचला की थंडीतला तो बांध दिसतो, पाणी खळखळतं, आणि मफलर गुंडाळलेला माणूस फावड्यावर हात ठेवून उभा असतो. सर्वांत वरचा लिफाफा मी उघडला, कथा बाहेर काढली आणि पहिल्या वाक्यापासून मोठ्यांदा म्हणायला लागलो.