माळ्यावरचे वॉकर

स्प्लिंट बनवताना रुग्णाचे नातेवाईक टक लावून बघत बसतात. बघण्यासारखंच असतं ते. पसरट भांड्यातलं पाणी ६५ ते ७० अंशांवर तापवायचं आणि बेतून कापलेलं थर्मोप्लास्टिक त्यात सोडायचं. बघता बघता ते लुसलुशीत होतं. फडक्यावर टिपून ते रुग्णाच्या मनगटावर बसवायचं आणि कडक होईपर्यंत त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवायचा. शीट महाग, त्यामुळे कात्रण टाकून द्यायला जीव होत नाही. त्यातून बोटाचं स्प्लिंट निघतं, नाहीतर पेन जाड करायची पकड. गंमत अशी, की स्प्लिंट वाया जातं ते प्लास्टिकपायी नव्हे, वेल्क्रोपायी. त्यात धागे, केस, कणकेचे कण अडकतात, पट्टा चिकटेनासा होतो आणि धडधाकट स्प्लिंट कपाटात जाऊन पडतं. पट्टा बदलणं हे किरकोळ काम, पण तेवढ्यासाठी पुन्हा केसपेपर काढून रांगेत कोण उभं राहणार?

आमच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघानं पर्यावरणीय शाश्वततेवरची आपली भूमिका २०१२ साली मांडली, पुढे २०१८मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्या दृष्टीनं बघायला लागलं की आमच्या विभागातली कात्रणं अगदीच चिल्लर वाटतात. खरी नासाडी रुग्णाच्या घरी होते. डिस्चार्जच्या दिवशी धावपळीत वॉकर घेतला जातो, कमोड खुर्ची घेतली जाते. वन रूम किचनमधल्या न्हाणीच्या दाराची रुंदी कुणी मोजलेली नसते. मग वॉकर दाराशीच अडतो, आजोबा भिंतीला धरून आत जातात आणि नवाकोरा वॉकर माळ्यावर चढतो. घरी जाऊन बघणं दरवेळी जमत नाही. पण मुलाला फोन करून ‘दारावर सुतळी धर, गाठ मार आणि ती घेऊन ये’ एवढं तरी सांगता येतं. त्या गाठीनं कितीतरी ॲल्युमिनियम वाचतं.

आपल्याकडे यावर एक जुना, साधा तोडगा आहेच: रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. ज्येष्ठ नागरिक संघ, एखादं मंडळ, कुणाच्या स्मरणार्थ काढलेला ट्रस्ट. अनामत ठेवा, वहीत नाव लिहा, खाट न्या, वॉकर न्या, काम झालं की परत करा. शाश्वततेच्या चर्चासत्रांत या केंद्रांचं नाव निघत नाही याचं मला नवल वाटतं. अडचण एकच. वस्तू हातोहात फिरते, पण ती रुग्णाच्या बेताची करून देणारं तिथं कुणी नसतं. पायांची रबरी बुचं झिजलेली असतात. आधीचा माणूस उंच होता म्हणून वॉकरही उंच राहतो आणि बुटक्या आजी खांदे वर ओढत चालतात. उभं राहून हात सैल सोडला की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. बघायचं इतकंच.

भारतात ऑक्युपेशनल थेरपी कमला निंबकरांनी आणली. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी तिचं पहिलं विद्यालय सुरू केलं. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणला शेती संशोधन संस्था उभारली. एकाच घरात हाताचा आणि मातीचा विचार नांदला, हे मला उगाच सुखावून जातं. या व्यवसायाची मुळंही करवत, माग, विणकाम अशा कामांतच आहेत. आज आम्ही प्लास्टिकचे रंगीत शंकू एकावर एक रचायला लावतो. पक्षाघातातून सावरणाऱ्या बाईसमोर शंकू ठेवले की ती मान ठेवायला ते रचते. मटार ठेवले तर सोलता सोलता सुनेला सूचना द्यायला लागते. हात दोन्हीकडे हलतो, पण मटारापाशी तो जास्त वेळ हलतो आणि शेवटी त्याची उसळही होते.

तरीही काटकसरीचे गोडवे गाताना माझी जीभ अडते. परवडत नाही म्हणून जो सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या चमच्यानं जेवतो, त्याच्या गरिबीला पर्यावरणप्रेम म्हणणं हा आगाऊपणा आहे. आणि जखम वाहत असलेल्या हाताला चढवलेलं स्प्लिंट दुसऱ्याला देता येत नाही, ते टाकायचंच.

साहित्य केंद्रांच्या वहीत नेल्याची तारीख असते, परत केल्याची असते, अनामत असते. तिथंच ‘उंची लावून दिली का, बुचं तपासली का’ असा आणखी एक रकाना आखावा आणि आठवड्यातून एक दुपार आमच्यापैकी कुणीतरी तिथं जाऊन बसावं. शिकाऊ मुलं तर आनंदानं येतील.