दंड

आमच्या पिंपळीत दंड दोन. एक रानात पाणी नेतो, दुसरा पंच करतात. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या घरानं दोन्ही बघितले.

रात्रीची पाण्याची पाळी होती. आमच्याकडं येणारं पाणी भावकीतल्या तात्यांनी मधेच आपल्या दंडाला वळवलं. आण्णांच्या हातात फावडं होतं. एकच घाव, अन् तात्यांचा उजवा हात मोडला. मी दहा वर्षांचा, कंदील धरून उभा होतो. आण्णांनीच तात्यांना बैलगाडीत घातलं.

सकाळी कुणीतरी फौजदारीची गोष्ट काढली. आई म्हणाली, "हे आत गेले तर ह्या पोरांनी काय माती खायची?" तात्यांच्या घरी काळजी वेगळीच होती: ऊस कोण भिजवणार?

पारावर बैठक बसली. दंड किती लावायचा यावरच पंच घोळत होते. तेव्हा मुलाणीचाचा बोलले, "आमच्या शरियतीत खुनातसुद्धा मेलेल्याच्या वारसाला इचारत्यात. बदला पायजे, का दियत म्हंजे भरपाई, का माफी? हितं तर माणूस जित्ता बसलाय. त्यालाच इचारा की."

तात्या म्हणाले, "पैसं नकोत. माझं दारं कोण धरणार, तेवढं सांगा."

ठरलं. दवाखान्याचा खर्च आण्णांनी द्यायचा आणि हात बरा होईस्तोवर तात्यांच्या रानात दारंही त्यांनीच धरायचं. आण्णा तीन महिने गेले. पहिला पंधरवडा बांधावर कुणी कुणाशी बोललं नाही. मग एका रात्री तात्याच चहाची किटली घेऊन आले.

पूर्वी गोतसभा बसायची. निवाड्याचा महजर लिहिला, की कुणबी त्यावर नांगराची निशाणी करायचे. आमच्या पारावर कागद नव्हता, पण रीत तीच होती.

म्हणून पार नेहमीच बरा, असं मात्र मी म्हणणार नाही. पुढं त्याच पारावर नवऱ्यानं मारलेल्या एका बाईचा तंटा मिटवला. एक लुगडं दिलं आणि तिला परत नांदायला धाडलं. ती कडेला, डोईवर पदर घेऊन बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. चाचा तोवर वारले होते. मी तिथं होतो. मीही विचारलं नाही.

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. फौजदारीतले कायद्यानं तडजोडीला चालतात तेवढेच गुन्हे समितीनं मिटवायचे, असं ठरलं. २०१६ च्या कायद्यानं वाळीत टाकणं हाच गुन्हा झाला. बरंच झालं. पंचांच्या हातातली ती शिक्षा तुरुंगापेक्षा वाईट होती.

मीही काही वर्षं बैठकांना बसलो. दोन्हीकडचे कारभारी तावातावानं बोलायचे. ते थांबले, की मी म्हणायचो, "लागलंय कुणाला? त्याला पुढं बसवा."

कधी कधी ती मागं, बायकांत बसलेली असायची.