तेवीस वजा पाच

मे महिन्यात मुंबईहून आलेली मंडळी हमखास विचारतात, "शाळेला सुट्टी लागली ना? मग तुझी कसली गं धावपळ?" त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा म्हणजे घंटा, मुलं आणि फार तर स्नेहसंमेलन. मुलं घरी गेली की शाळा बंद. पण आमच्या वाडीवरच्या शाळेचं खरं काम परीक्षा संपल्यावर सुरू होतं. आणि ते काम म्हणजे मोजदाद! म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, दोन खोल्या, मध्ये व्हरांडा. दोन शिक्षक. मोठे गुरुजी इथलेच, तालुक्यातले. बाई परभणीकडच्या. २०२० मध्ये कोरोनात आम्ही बोरिवलीची खोली सोडून गावी आलो, ते इथेच राहिलो. मुलगी याच शाळेत पहिलीला गेली. आता ती तिसरी पास होऊन चौथीत जाईल, आणि धाकटा अंगणवाडीतून पहिलीत. शिवाय मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यात अशी समिती प्रत्येक सरकारी शाळेला सांगितली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या बायका. आमच्याकडे बायका निम्म्याहून जास्तच आहेत, कारण बाप्ये मुंबईत!

तर वर्षअखेरीची कामं. शेवटचा पेपर झाला की प्रगतिपुस्तकं. हल्ली मार्क नसतात, श्रेणी असते, आणि शेजारी बाईंना वाक्यं लिहावी लागतात. विशेष प्रगती काय, आवड काय, सुधारणा कशात हवी. बाई प्रत्येक मुलासाठी वेगळं वाक्य शोधतात. माझ्या मुलीच्या पुस्तकात सुधारणेच्या रकान्यात लिहिलंय, "इतरांचं बोलणं पूर्ण होऊ द्यावे." सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे आईच्या पुस्तकात पण लिहायला हवं होतं." असो.

मग पोषण आहाराच्या काकू आणि गुरुजी मिळून शिल्लक तांदूळ मोजतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्या हिशोबाने रोजची नोंद आणि वर्षाची बेरीज जुळायला हवी. भांडी मोजून कपाटात. नकाशे गुंडाळून वरच्या फळीवर, नाहीतर पावसात ओल धरतात. वानरांनी फोडलेली कौलं किती, त्याची यादी. शाळेला वर्षाचं अनुदान मिळतं ते पटावर अवलंबून, तीस मुलांपर्यंत दहा हजार रुपये. त्यात खडू, विजेचं बिल, झाडू, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं. पैसे हातात येतात ते वर्ष संपता संपता, तोवर गुरुजींच्या खिशातून.

१ मेला झेंडावंदन आणि निकाल. चौथीच्या पाच मुलांना निरोप. त्यांना शाळा सोडल्याचे दाखले मिळतात आणि ती पाचवीला तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत जातात. पाखाडी उतरायची, पऱ्ह्या ओलांडायचा, मग डांबरी रस्ता. यंदा पाचांपैकी तीन मुली. दाखला हातात घेऊन त्या व्हरांड्यात कितीतरी वेळ उभ्या होत्या. गुरुजींनी जनरल रजिस्टर उघडून त्यांना त्यांच्या आज्ज्यांची नावं दाखवली, म्हणजे ज्यांच्या आज्ज्या शाळेत आल्या होत्या त्यांची. एकीची आजी दुसरीतच शाळा सोडून गेली होती. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "घरकाम".

पाच गेली. आता ही वजाबाकी बघा.

पटावर तेवीस. वजा पाच, अठरा. अंगणवाडीतून तीन येणार, एकवीस. दुसरीतल्या एका मुलीच्या बाबांना विरारला जागा मिळाली, ती जून महिन्यात तिकडे जाणार. राहिली वीस.

वीस! हा आकडा आमच्या वाडीत आता लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला. अशा शाळा राज्यात जवळजवळ पंधरा हजार! त्यावर खूप ओरड झाली. आमची शाळा बंद झाली नाही. पण मग १५ मार्च २०२४ ला शिक्षक किती द्यायचे त्याचे निकष बदलले, आणि लहान पटाच्या शाळेला दुसरा कायमचा शिक्षक मिळेलच याची खात्री गेली. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय. पण त्यानंतरच्या पत्रांतून आकडे आणि अटी इतक्या वेळा बदलल्या की गुरुजी आता एवढंच म्हणतात, "वीसच्या वर राहिलेलं बरं."

एक शिक्षक आणि चार वर्ग म्हणजे काय, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. पहिलीला अक्षर काढून द्यायचं, तोवर चौथीचा भागाकार थांबलेला. तेवढ्यात केंद्रावर मीटिंग. त्या दिवशी शाळेला कोण? मागे बाई महिनाभर रजेवर होत्या तेव्हा आम्ही हे पाहिलंय. काकू भात ढवळता ढवळता पोरांवर नजर ठेवायच्या.

आणि मोजतात कधी? ३० सप्टेंबरला. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. त्यातही ज्याचं आधार जुळतं तेच मूल मोजलं जातं. नावात एक काना इकडचा तिकडे झाला तरी मूल वर्गात बसतं, जेवतं, कविता म्हणतं, पण मोजणीत नाही. आमच्याकडे अशी दोन मुलं कायमची आहेत. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबाची. दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर जातात. म्हणजे वर्गात बसायची पंचवीस, पटावरची तेवीस. त्यातला मोठा मुलगा आता आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. 'आणि' म्हणतो, आमच्या पोरांसारखं 'नि' नाही!

अंगणवाडीतल्या तिघांपैकी एकाच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली आहे. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि कार्डाप्रमाणे तो चारच वर्षांचा आहे. त्याच्या आईबरोबर तालुक्याला जायचं काम माझ्याकडे आलंय. जन्माचा दाखला मिळालाय, केंद्रावर नंबर लागायचाय.

म्हणजे तोही धरून वीस. एकविसावं मूल कुठे आहे तेही सगळ्यांना ठाऊक. आमच्या घराच्या वरच्या अंगाला, चिंचेजवळ.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. २०२२ पासून हे सुरू झालंय, आणि सरकारी कार्यक्रमांत मला मनापासून आवडलेला हा एक. पहिलीत येणारी मुलं नटूनथटून शाळेत येतात. टेबलं मांडलेली असतात. एका ठिकाणी उड्या मारायच्या, एका ठिकाणी चित्र बघून बोलायचं, कुठे खडे मोजायचे, कुठे नाव-गाव सांगायचं. आयांना एक कार्ड मिळतं आणि सुट्टीत घरी काय काय करून घ्यायचं ते सांगतात. भाजी निवडताना मोजायला लावा, कपड्यांच्या घड्या करू द्या, असलंच. आमची चौथीची मुलं टेबलांवर 'मास्तर' होती. काय त्यांचा रुबाब!

चिंचेजवळचा मुलगा आजीबरोबर आला होता. चित्रात बाजार होता. त्याने भाज्या सोडल्या आणि टोपलीतले मासे ओळखायला घेतले. बांगडा, सौंदाळा, मांदेली... चित्रकाराला तरी ते ठाऊक होते की नाही कोण जाणे. बाई हसून हसून बेजार. पण पोराचं नाव बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलंय. पिवळी गाडी सकाळी सव्वासातला पाखाडीच्या तोंडाशी येते.

समितीच्या बैठकीत ठरलं की त्यांच्या घरी जाऊन बोलायचं. गुरुजी, अध्यक्ष आणि मी. मला तिथे जाताना फार अवघड वाटत होतं. मतं मागायला जावं तसं कुणाचं मूल मागायला जायचं! आणि कशासाठी? तर आमची बेरीज पूर्ण व्हावी म्हणून? गुरुजींनी आकड्याचं नाव काढलं नाही. बरं केलं. त्यांनी सांगितलं की पहिलीचं पुस्तक २०२५ पासून नवं आलंय, बाई त्यातलं सगळं खेळातून घेतात, आणि मूल घरापासून हाकेच्या अंतरावर राहील.

त्याच्या आईने चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. तुम्ही मुंबईत शिकलात. तुमचा मुलगा खालच्या शाळेत गेला तरी इंग्रजी घरात आहे. माझ्याकडे कोण आहे सांगायला?"

यावर काय बोलणार? मी तिला पटवायचा प्रयत्न केला नाही. हा काही बिनबुडाचा हट्ट नाही. पदराला खार लावून ती गाडीचे पैसे भरणार आहे. मला एवढंच म्हणावंसं वाटलं, आणि ते मी म्हटलं, की इंग्रजी शाळेतसुद्धा घरी सांगणारं लागतंच, उलट जास्त लागतं. इथे निदान बाई काय म्हणाल्या ते तुला कळेल, न पटलं तर येऊन भांडता येईल. ती हसली. "बघू," म्हणाली.

आमच्या नातेवाइकांत मलाही हाच प्रश्न दर सुट्टीत येतो. "धाकट्याला तरी चांगल्या शाळेत घाल." चांगली म्हणजे कोणती, हे कुणी सांगत नाही. मुलीला मराठी वाचता येतं, हिशोब येतो, चार लोकांत उभं राहून बोलता येतं (जरा जास्तच, वर सांगितलंच!). इंग्रजी कच्चं आहे. ते मी संध्याकाळी घेते. आणि पटावरून सांगायचं तर, धाकट्याला पहिलीत घालण्याचा निर्णय मी वीस-एकवीसच्या हिशोबाने घेतलेला नाही. उद्या बाई गेल्या आणि शाळा एकशिक्षकी झाली तर मला पुन्हा विचार करावा लागेल. हे गुरुजींनाही सांगून ठेवलंय. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

कारण बाई जाऊ शकतात. घरापासून पाचशे किलोमीटरवर त्या नोकरी करतात. सासू आजारी, मुलगा तिकडे. आंतरजिल्हा बदलीची वाट बघतायत. त्यांची बदली व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि होऊ नये असंही तितकंच मनापासून वाटतं. त्यांनी निघताना शाळेच्या किल्ल्या गुरुजींकडे दिल्या, पण स्वतःच्या कपाटावर पुढच्या जूनचं पहिल्या आठवड्याचं नियोजन चिकटवून गेल्या. पहिला दिवस, पानाफुलांचं तोरण. दुसरा दिवस, पावसाची गाणी. बघितलं तेव्हा जरा धीर आला.

आणखी एक. आमचा तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा आहे, त्यात 'भौतिक सुविधा' असा भाग असतो. तो आमचा भरून वाहतोय. गावच्या मुंबई मंडळाने दोन खोल्यांना मिळून चार पंखे दिले, टीव्ही दिला, पाण्याची टाकी दिली, प्रत्येकावर रंगात देणगीदाराचं नाव. या शाळेत शिकून मुंबईत स्थिरावलेले हे लोक, त्यांची माया खरी आहे, आम्ही ती विसरत नाही. पण दादा, काका, तुम्ही सगळे वाचता म्हणून लिहिते. यंदा पूजेला याल तेव्हा पाचव्या पंख्याचं मनात आणू नका. त्यापेक्षा मे महिन्यात आहात तोवर सकाळी दोन तास शाळेच्या व्हरांड्यात बसा. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी पोरांशी इंग्रजीत गप्पा मारा. चिंचेजवळच्या घरी मी तसं कबूल करून आले आहे की सुट्टीत कोणीतरी शिकवेल, कुठल्याही शाळेच्या मुलाने यावं. तुमच्या भरवशावर बोलले.

झाडांना पाणी घालायच्या पाळ्या लावल्या आहेत. विहिरीने तळ गाठलाय, म्हणून प्रत्येकाने घरून एक तांब्या आणायचा. निकाल लागलेल्या पाचांनीही यादीत आपली नावं घातली आहेत, गुरुजी म्हणाले राहू देत. सोमवारी सकाळच्या एसटीने मी आधार केंद्रावर जातेय. वेळेत नंबर लागला तर येताना बाजारातून कौलं बांधायची तार आणायची आहे, पावसाआधी ते एक व्हायलाच हवं.