भरपाई मिळाली ती मालकांना

आज पुन्हा तेच वाचत बसलो आणि पुन्हा संताप आला. १८३३ साली ब्रिटनने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई दिली. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास ४० टक्के! गुलामांच्या हाती छदामही नाही. उलट १८३८ पर्यंत ‘अप्रेंटिस’ म्हणून त्याच मालकांकडे बहुतेक वेळ बिनपगारी राबायचं.

त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे जमैकाहून येऊन लंडनच्या बस चालवणारी, इस्पितळात रात्रपाळ्या करणारी माणसं आपल्या पूर्वजांच्या मालकांचं देणं स्वतःच्या पगारातल्या करातून फेडत होती. आणि त्यांतल्याच काहींना कागदपत्रं नाहीत म्हणून नोकरी नाकारली, उपचार नाकारले, देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये गाजलेलं विंडरश प्रकरण ते हेच. हे वाचून गप्प कसं बसायचं?

याचा आपल्याशीही संबंध आहे: मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गुलामांच्या जागी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले; त्यांत रत्नागिरीकडची आपली माणसंही होती. भरपाई घेणाऱ्या मालकांची नावं, रकमा, गुलामांची संख्या, सगळं दप्तरी व्यवस्थित नोंदलेलं आहे. माझ्या मते ब्रिटनमधल्या प्रत्येक शाळेत ती यादी मुलांच्या हाती द्यायला हवी.